चार बाय सहाचा ग्रह

साडेदहाला शटर ओढते
आणि वरच्या खोलीत येते, ओच्यात आजची कमाई:
गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या,
इंजेक्शनच्या बाटल्यांची निळी-नारिंगी टोपणं,
सलाइनच्या नळीतला तो छोटा पारदर्शक घुमट
ज्यात थेंब पडतो.

पट्टी उलटी चिकटवली की सौरपत्रे होतात.
एकेका खळग्यात कुणाचातरी रक्तदाब होता.

मोठे घुमट मिरजेचे.
मुबारक सतारमेकरच्या कारखान्यात
तडा गेलेले भोपळे कोपऱ्यात पडून असतात.
"नाद गेलाय ह्याचा. न्या ताई, काय करायचंय ते करा."
मला नाद नको होता, छप्पर हवं होतं,
बोटाच्या दोन पेरांएवढ्या माणसांच्या वस्तीला.

जमिनीला हळद.
मार्केट यार्डात पोत्यांखालून झाडलेली,
अडत्यानं पैसे घेतले नाहीत.
चुन्याची निवळी घातली, लालभडक झाली,
म्हटलं चला, तांबडा ग्रह तयार.
वर फेव्हिकॉल ओतला
आणि ग्रह डागाडागानं परत पिवळा पडत गेला.
बी. फार्म. आहे मी.
फेव्हिकॉल आंबट असतो हे मला त्या रात्री कळलं.
राहू दिलं.
असेल एखाद्या ग्रहाला कावीळ.

भिंती इन्सुलिनच्या पेट्यांच्या, थर्माकोलच्या.
पहिल्या भिंतीवर स्प्रे मारला तर
ती माझ्यादेखत फेसाळून खाली बसली.
तिला आता आम्ही बॉम्ब पडलेली भिंत म्हणतो.

उपाध्येकाकू गच्चीवर जाताना डोकावल्या:
"दिवाळी होऊन चार महिने झाले की गं,
किल्ला मोडला नाहीस अजून?"

रविवारी भूपाल आला, कुपवाडहून,
फौज चपलांच्या खोक्यात, कापसात गुंडाळलेली.
लेथवर काम करणारा माणूस,
आधी गुडघ्यावर बसतो, एक डोळा मिटतो,
टेबलाच्या पातळीवरून सगळं बघतो.
बराच वेळ बघत राहिला.
"रेवती, ही रेघ कसली?"

कुठली?

"ही. तपकिरी. घुमटावर, टाकीवर, मनोऱ्यावर.
सगळीकडे एकाच उंचीला. सूतभर फरक नाही."

चहाचं पाणी आहे, मी म्हटलं,
जुनाट दिसावं म्हणून.
आणि मग मीपण वाकले.

खाली दुकानात, कपाटामागे, तीच आहे.
दोन हात रंग दिला तरी पावसाळ्यात वर येते.
गावभागात कुणाच्याही घरी
बोट न दाखवता सापडेल.

"पण ह्या ग्रहावर पाणीच नाही," भूपाल म्हणाला,
"नियमात लिहिलंय."
ओसरलंय आता, मी म्हटलं.

त्यावर तो काही बोलला नाही.
त्या ऑगस्टमध्ये त्याच्या दोन खोल्यांत
अकरा अनोळखी माणसं नऊ दिवस होती,
हे मला त्याच्या बायकोनं सांगितलंय, त्यानं नाही.
खोकं उघडलं. एकेक शिपाई काढला,
फुंकून कापूस उडवला,
आणि खंदक सोडून, भिंतींचा आडोसा सोडून,
सगळ्यांना भोपळ्याच्या पाठीवर दाटीनं उभं केलं.
डावपेच म्हणून शुद्ध मूर्खपणा.
माझ्या तोफेला समोर मोकळं रान.

रेघेच्या वर असलेल्यावर
त्या फेरीत गोळी झाडायची नाही,
हा नियम आमच्यापैकी आधी कोण बोललं
आठवत नाही. वहीत अक्षर माझं आहे.

खाली कुणीतरी शटर वाजवत होतं, पॅरासिटामॉलसाठी असणार.
आले, आले, म्हणत मी फासा टाकला.
तो टेबलाच्या काठाला लागून उडाला
आणि भोपळ्यावर पडला.

मुबारक म्हणाला होता नाद गेलाय.

आम्ही दोघंही आकडा बघायचं विसरलो.